‘उंदीर बरे होतात, मुलं नाहीत’: या दाव्यात किती तथ्य?

‘मुलांच्या ब्रेन ट्यूमरवर प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं नुसते उंदीर बरे होतात, मुलांना त्याचा काडीचा उपयोग नाही, मोठ्यांचीच औषधं कमी मात्रेत दिली तरी पुरे,’ असा मजकूर सध्या फिरतोय. त्यामागचा संताप मला समजतो. पण तो वाचून एखादे आईवडील उपचारांच्या चाचणीला नकार देतील, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी मोठ्यांच्या औषधांचं. डीआयपीजी ही मस्तिष्कस्तंभात होणारी गाठ. त्यातल्या बहुतेक गाठींत हिस्टोन एच3 या प्रथिनाच्या जनुकात एका ठरावीक जागी बदल असतो, हे 2012 साली उघड झालं. डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिनं म्हणजे हिस्टोन. ती बिघडली की कोणती जनुकं बंद ठेवायची याचा ताळमेळ सुटतो आणि वाढत्या मेंदूतली अपक्व पेशी पक्व न होता विभागतच राहते. प्रौढांच्या ग्लिओब्लास्टोमात (मेंदूच्या आक्रमक गाठीत) हा बदल सहसा आढळत नाही. आजारच वेगळा, तर मात्रा कमी करून काय साधणार? प्रौढांच्या गाठीवरचं टेमोझोलोमाइड हे औषध डीआयपीजीच्या मुलांना देऊन झालं. आयुष्य वाढलं नाही.

या शोधामागे आणखीही कोणीतरी आहे. जागा इतकी नाजूक की तिथली बायोप्सी अनेक वर्षं टाळली जाई. मूल गेल्यावर ज्या आईवडिलांनी त्याची गाठ संशोधनाला दिली, त्यांच्यामुळे त्या पेशी प्रयोगशाळेत वाढवता आल्या. ‘उपयोग नाही’ असं लिहिणाऱ्यांनी हे विसरू नये.

उपयोग झाला का? झाला. मुलांच्या सौम्य ग्लिओमात (मेंदूतल्या हळू वाढणाऱ्या गाठीत) बीआरएएफ जनुक दुसऱ्या जनुकाला जोडलं जातं, हा बदल 2008 मध्ये सापडला, आणि त्याच दोषावर काम करणाऱ्या टोव्होराफेनिब या औषधाला एप्रिल 2024 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. मेड्युलोब्लास्टोमाचे, म्हणजे मुलांच्या लहान मेंदूत होणाऱ्या कर्करोगाच्या गाठीचे, जनुकीय बदलांवरून चार मुख्य गट पडले. त्यातल्या डब्ल्यूएनटी गटातली बहुतेक मुलं बरी होतात, म्हणून त्यांना किरणोत्सार कमी देता येईल का, याच्या चाचण्या सुरू झाल्या.

राहिले उंदीर. उंदरात चाललेली बरीच औषधं मुलांत फसतात, हे खरंच आहे. पण उंदीर धोकाही आधी दाखवतात. हेजहॉग मार्ग, म्हणजे पेशींना वाढीचा संदेश देणारी साखळी, रोखणाऱ्या औषधाने उंदरांच्या पिल्लांची हाडं कायमची बिघडतात, हे 2008 मध्ये दिसलं. पुढे तशाच औषधाने काही मुलांच्या हाडांची वाढ अकाली थांबली.

कार-टी पेशी म्हणजे गाठ ओळखून मारण्यासाठी प्रयोगशाळेत बदललेल्या रोगप्रतिकारक पेशी. गाठीच्या पेशींवरच्या जीडी2 या रेणूवर नेम धरणाऱ्या, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अशा पेशींनी 2018 मध्ये उंदरांतल्या डीआयपीजीसारख्या गाठी जवळजवळ नाहीशा केल्या, पण मेंदूला सूज येऊन काही उंदीर दगावलेही. म्हणून माणसांवरची चाचणी सुरू करताना सूज आवरण्याची तयारी आधीच ठेवली होती. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत 11 पैकी 9 रुग्णांना फायदा दिसला, आणि एकाची गाठ स्कॅनमध्ये दिसेनाशी झाली.