हॅग्रिडला काढलं ते बरोबर होतं?

सकाळपासून नुसती चिडचिड होतेय. धड जेवलेही नाही. लिहून टाकल्याशिवाय ही जाणार नाही, म्हणून लिहितेय. लांब होणार आहे.

आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी मुलांचं वाचन चालतं, हे तुम्हाला माहीत आहेच. सातवी ते नववीची नऊ-दहा मुलं, एक सतरंजी आणि कोणाच्या तरी घरून आलेलं सरबत. गेले दोन महिने हॅरी पॉटरचा पाचवा भाग चालू होता. पुस्तक इंग्रजी, भांडणं मराठीत. मागच्या रविवारी तो संपला, आणि आज फक्त अंब्रिजवर बोलायचं असं मुलांनीच ठरवून टाकलं होतं.

वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. डोलोरेस अंब्रिज ही जादूच्या मंत्रालयातली बडी अधिकारी. मंत्रालय तिला शाळेत घुसवतं. आधी शिक्षिका, मग तपासनीस, मग थेट मुख्याध्यापिका. गुलाबी कार्डिगन, केसात बो, खोलीच्या भिंतींवर मांजरीच्या पिल्लांची चित्रं असलेल्या बशा, लहान मुलीसारखा आवाज. बोलण्याआधी एक बारीकसं खाकरणं. मुलांना शिक्षा देताना ती ओरडत नाही. काळी लेखणी हातात देते आणि 'मी खोटं बोलणार नाही' असं लिहायला लावते. शाई लागत नाही, कारण लिहिणाऱ्याचंच रक्त कागदावर उतरतं आणि ती अक्षरं त्याच्या हाताच्या पाठीवर कोरली जातात. आणि ज्याचं रक्त तिच्या मते शुद्ध नाही, त्या प्रत्येकाची तिला किळस आहे. त्यातलाच एक हॅग्रिड, त्या शाळेत जादुई प्राण्यांविषयी शिकवणारा. त्याला ती नोकरीवरून काढते.

व्होल्डेमॉर्ट हा या मालिकेतला मुख्य खलनायक, तो माणसं मारतो, तरी कितीतरी वाचक सांगतात की आम्हाला त्याच्यापेक्षा हिचा जास्त राग येतो. पुस्तक आलं त्या २००३ सालीच भयकथा लिहिणाऱ्या स्टीफन किंगने तिला हॅनिबल लेक्टर या कादंबरीतल्या नरभक्षक खलनायकानंतरची सगळ्यात जबरदस्त काल्पनिक खलव्यक्ती म्हटलं होतं. आमच्या आठवीतल्या एका मुलीने आज तेच सोपं करून सांगितलं. "व्होल्डेमॉर्टची भीती वाटते मावशी. हिचा राग येतो. कारण ही असते."

ही असते. मी तिच्याकडे बघतच राहिले.

आणि तेवढ्यात मागे खुर्चीवर बसलेले एका मुलाचे वडील बोलले. शिकलेले, भरपूर वाचणारे, एरवी मला आवडणारे गृहस्थ. म्हणाले, "पण एक सांगू का? हॅग्रिडला तिने काढलं ते बरोबरच होतं. त्याला शिकवता येत नव्हतं. शेवटी मेरिट बघायला नको का?" दोन-तीन मोठी माणसं हसली. एकीने तर मान हलवली. मुलं गप्प झाली.

मला तिथे काही सुचलं नाही. आता सुचतंय.

अहो, ती हॅग्रिडचा तास कसा तपासते ते वाचलंत का तुम्ही? ती त्याच्याशी मोठ्याने, शब्द तोडतोडून, हातवारे करत बोलते, जणू या माणसाला भाषाच कळत नाही. का, तर त्याची आई राक्षसकुळातली. तो तोंड उघडण्याआधीच निकाल लागलेला असतो. मग वर्गातल्या एका मुलीला विचारते, यांचं बोलणं तुला कळतं का गं? आणि ती मुलगी खुदूखुदू हसत नाही म्हणाली, की ते उत्तर कागदावर टिपून घेते. याला तपासणी म्हणायचं?

हो, हॅग्रिड शिक्षक म्हणून यथातथाच आहे. मान्य. मुलांना भाजतील, चावतील असली जनावरं वर्गात आणतो. पण त्याला काढण्याचं कारण ते नव्हतं, आणि हे तुम्हालाही पक्कं ठाऊक आहे. ल्युपिनचं काय मग? तो त्या शाळेला मिळालेला सगळ्यात चांगला शिक्षक, कुठल्याही मुलाला विचारा. पण तो वेअरवुल्फ, पौर्णिमेला लांडगा होणारा माणूस. या बाईने मंत्रालयात बसून असा कायदा लिहिला की त्याला कुठे नोकरी मिळणंच जवळजवळ अशक्य झालं. तिथे कुठे गेलं मेरिट? आकाश वाचणारा फिरेन्झे शिकवायला आला, तेव्हा तो सेंटॉर, म्हणजे अर्धा माणूस अर्धा घोडा, आहे म्हणूनच हिचा चेहरा पडला ना? जिथे सोयीचं तिथे मेरिट काढायचं, नसेल तिथे रक्त काढायचं.

मेरिट हा शब्द ऐकला की मला आमच्या बाई आठवतात. आज दिवसभर त्याच डोक्यात आहेत.

मी सातवीत होते, तालुक्याच्या गावी. आमच्या वर्गात पद्धत अशी की दसऱ्याच्या सुट्टीआधी सरस्वतीपूजन व्हायचं आणि चाचणीत पहिला नंबर आलेल्याने प्रसाद वाटायचा. त्या वर्षी पहिली आली होती माझ्याच बाकावरची मुलगी. माझी मैत्रीण. घरून इस्त्री करून आणलेला गणवेश, दोन वेण्या, लाल रिबिनी. आरती झाली, तिने ताट उचललं. साखर-खोबऱ्याचं स्टीलचं ताट. बाई हसत हसत पुढे आल्या आणि तिच्या हातातून ते अलगद काढून घेतलं. "तू राहू दे हं बाळ. तू बाहेरच्या चपला नीट लावून घे, तुला छान जमतं ते." आणि ताट माझ्या हातात दिलं.

माझा नंबर पाचवा होता.

बाईंचा आवाज एवढासुद्धा चढला नव्हता. त्या कधी कोणाला मारायच्या नाहीत. वाढदिवस असला की मुठीत खडीसाखर द्यायच्या. कडक स्टार्चची सुती साडी, अंबाड्यावर मोगरा. सगळ्या गावाला त्यांचं कौतुक. मला अंब्रिजबद्दल एकच तक्रार आहे, ती म्हणजे लेखिकेने तिला बेडकासारखं तोंड दिलं. तिथे ती वाचकाला सवलत देते. बाई देखण्या होत्या हो. सिनेमात इमेल्डा स्टॉन्टन बेडकासारखी अजिबात दिसत नाही, चांगल्या घरातली हसरी मावशी दिसते, म्हणून मला ती पुस्तकातल्यापेक्षा जास्त खरी वाटली. नेटवर बघा, लोक तिच्या गुलाबी रंगाला नावं ठेवतात, बशांना हसतात, आवाजाच्या नकला करतात. बशांनी काय बिघडवलं कोणाचं? तिने काय केलं ते बोला. तो कायदा, ती तपासणी, ती लेखणी. लेखिकेने स्वतः २०१४ मध्ये लिहिलंय की अंब्रिज काही अंशी तिला शिकवणाऱ्या एका खऱ्या व्यक्तीवरून सुचली. मला ते वाचून जराही आश्चर्य वाटलं नाही. प्रत्येकाकडे एक आहे. फक्त आपण तिच्या वर्गात कुठल्या बाकावर बसलो होतो, त्यावर आपल्याला ती कशी आठवते हे ठरतं.

एक आई म्हणाली, असलं मुलांना वाचायला द्यायचंच कशाला. त्यावर मी काही बोलत नाही. त्यांचं वाचून झालंय, आता काय.

पुस्तकाच्या शेवटी सेंटॉर तिला जंगलात ओढून नेतात, कारण तिथेही तिला तोंड आवरत नाही, समोर उभ्या असलेल्या कळपालाच ती अर्धवट जातीचे म्हणून हिणवते. तो भाग वाचला तेव्हा आमच्या मुलांनी टाळ्या पिटल्या होत्या. मीही पिटल्या, खोटं कशाला बोलू. आज एकाने विचारलं, "मावशी, ती परत येते का?" मी पुढचं सांगत नाही कधी, पण आज सांगितलं. येते. मंत्री बदलतात, सरकार उलथतं, हिची खुर्ची तशीच राहते, उलट मोठी होते. तो मुलगा उसळून म्हणाला, "ही अजून नोकरीवर कशी?"

काय सांगू बाळा तुला.

सातव्या भागात ती एक आयोग चालवते. ज्यांचे आईवडील जादूगार नाहीत, त्यांनी नाव नोंदवायचं आणि आपल्याकडे जादू आली कुठून याचा जबाब द्यायचा. समोर एक साधी बाई बसलेली आहे, तीन मुलांची आई. तिला अंब्रिज विचारते, ही जादूची छडी कोणाकडून घेतलीस? ती रडत सांगते, माझीच आहे, अकरा वर्षांची असताना विकत घेतली, तिने मला निवडलं. त्यावर अंब्रिज हसते. भोवती डिमेंटर, म्हणजे माणसातला सगळा आनंद शोषून घेणारे जीव, सगळ्या खोलीत गारठा, आणि हिच्या अंगावर मात्र तिच्या पॅट्रोनसच्या, म्हणजे त्यांना दूर ठेवणाऱ्या जादूच्या, मांजरीचा झगझगीत उजेड. आनंदाची आठवण असल्याशिवाय पॅट्रोनस उमटत नाही. तो इतका लख्ख उमटतो, कारण ती तिथे खूश आहे. तेच तिचं आवडीचं काम आहे. त्या पानावर मी पुस्तक मिटलं होतं. बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिले होते.

कारण पहिला नंबर जाहीर झाला त्या दिवशी बाईंनी माझ्या मैत्रिणीला हसूनच विचारलं होतं, "पेपरला कोणाच्या शेजारी बसली होतीस गं तू?"

वर्ग हसला. ती माझ्या शेजारी बसली होती. गणितं मी तिच्या वहीतून उतरवून घ्यायचे, रोज, प्रार्थनेच्या आधी. हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. मी हात वर केला नाही. शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की बाई तिचं नाव अख्ख्या वर्गासमोर पुकारायच्या, "या, सरकारचे जावई," आणि आम्ही तेव्हाही हसायचो. पुस्तकातली ती खुदूखुदू हसणारी मुलगी सगळ्या वाचकांना डोळ्यासमोर नको असते. मला तिच्याबद्दल काही बोलण्याचा अधिकार नाही.

मघाचा राग जरा उतरला असेल माझा. त्या गृहस्थांना मी वाईट म्हणत नाही. ते मुलांना स्वतः गाडीने वाचनालयात नेतात, कोणाच्याही अडीनडीला धावतात. आणि हो, कादंबरीबद्दल प्रत्येकाने आपलंच मत धरावं असंही नाही. पण त्यांनी ते मुलांसमोर म्हटलं. त्या सतरंजीवर बसलेल्या एका मुलाने "मेरिट" ऐकल्याबरोबर मान खाली घातली आणि मग तासभर वर केली नाही. त्याचं आडनाव मी कधी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. मला ती खाली गेलेली मान ओळखू येते.

अंब्रिजला शिक्षा झाली, तिला तुरुंगात टाकलं, असं लेखिकेने नंतर सांगितलं. पुस्तकात ते नाही. मुलांना ते सांगितल्यावर त्यांना बरं वाटलं. आमच्या बाई शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झाल्या.

दोन वर्षांपूर्वी शाळेच्या ग्रुपवर बाईंच्या पंचाहत्तरीचा फोटो आला. मोगरा तसाच. खाली सगळ्यांनी लिहिलं, आमच्या लाडक्या बाई, बाईंमुळे घडलो, बाईंसारखे शिक्षक आता होणे नाही. मीही हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. चार तासांनी बघितलं तर माझ्या मैत्रिणीने ग्रुप सोडला होता. कोणी विचारलं नाही का सोडला. पुढच्या मिनिटाला कोणीतरी गुड नाइटचं फूल टाकलं होतं.

त्या गृहस्थांना एवढंच सांगायचंय: पुढच्या रविवारी या. आम्ही सातव्या भागातलं ते चौकशीचं प्रकरण आधी वाचणार आहोत, मुलांनी क्रम मोडायला परवानगी दिली आहे. तुम्ही पुढे बसा, खुर्चीवर नको, सतरंजीवर. मोठ्याने वाचायचंही तुम्हीच. त्या बाईचं, छडीबद्दलचं उत्तर तुमच्या तोंडून ऐकायचंय मला. मग मेरिटवर बोलू, हवं तितका वेळ.

आणि त्या दिवशीचं एक राहिलंच. आईलासुद्धा मी ते कधी सांगितलं नाही. तिला फक्त प्रसाद मी वाटला एवढंच सांगितलं होतं, आणि ती खूश झाली होती.

चपला लावून ती वर्गात आली आणि आमच्या बाकावर बसली. मी ताट घेऊन एकेका बाकापाशी जात होते, चिमूटभर साखर-खोबरं प्रत्येकाच्या हातावर ठेवत. आमच्या बाकापाशी आले. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. ती माझ्याकडे बघत होती, रागाने वगैरे नाही, नुसती बघत होती. बाई फळ्यापाशी उभ्या होत्या. मी चिमूट भरून हात पुढे केला. तिने हात उचलला नाही. मी चिमूट पुन्हा ताटात टाकली आणि पुढच्या बाकाकडे गेले.