आवळल्यानं सांधा जुळत नाही

लाकडी डब्या आणि ड्रॉवर घरी करू पाहणाऱ्यांमध्ये एक सल्ला फार फिरतो. गोंद लावल्यावर क्लॅम्प, म्हणजे लाकूड दाबून धरणारे शिकंजे, जितके जास्त आणि जितके करकचून, तितका सांधा पक्का. चिकटपट्टी, रबर, दोरी हा पोरखेळ. क्लॅम्प चोवीस तास काढायचा नाही. दोन्ही कर्ण सारखे आले की काटकोन जमला. बाहेर आलेला गोंद लगेच ओल्या फडक्यानं पुसायचा. पाच वाक्यं, पाचही ठाम. साफ खोटं त्यात एकही नाही, आणि पंचाईत तिथंच आहे.

करकचून आवळण्याचं आधी घेऊ. ही सवय मोठ्या कामातून आलेली. टेबलाच्या फळ्या कडेला कड लावून जोडताना दाब खरंच लागतो. गोंद बनवणारे साधारणपणे मऊ लाकडाला चौरस सेंटिमीटरमागे ७ ते १० किलो आणि कठीण लाकडाला १२ ते १८ किलो दाब सुचवतात. आता हेच एका डबीवर लावून बघा. बाजू १२ मिमी जाड, ८० मिमी उंच, कोपऱ्यात ४५ अंशांचा काप, म्हणजे मायटर. कापाचा पृष्ठभाग साधारण १७ बाय ८० मिमी, म्हणजे साडेतेरा चौरस सेंटिमीटर. १० किलोच्या हिशेबानं एकेका कोपऱ्यावर सव्वाशे किलोच्या वर. एवढा भार त्या इवल्याशा पेटीवर टाकायला कोण धजेल? आणि न टाकताही डब्या वर्षानुवर्षं टिकतात.

कारण दाबाचं काम एवढंच, की दोन पृष्ठभाग सगळीकडे एकमेकांना टेकावेत आणि मधला गोंद पातळ, एकसारखा पसरावा. काप नीट असेल तर हे थोड्या दाबातही होतं. काप नीट नसेल तर पांढरा गोंद फट भरून काढत नाही. दाबानं फक्त लाकूड वाकतं. क्लॅम्प सुटला की ते परत सरळ व्हायला बघतं, आणि तो ताण रोज सांध्यावर.

मी स्वतः हे करून बसलोय. ८ मिमी बाजूंची दागिन्यांची पेटी होती. क्लॅम्प बरोबर बाजूच्या मध्यावर लावला आणि मूठ पिळत गेलो. सांध्यातून गोंदाचे मणी आले तसं समाधानही वाटलं. वाळल्यावर गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावला तर बाजू मध्ये पोटाशी आत गेलेली, आणि कोपऱ्यांच्या बाहेरच्या कडेला नख जाईल एवढी फट. दाब जितका वाढवला तितकी ती फट मीच उघडत होतो. क्लॅम्पच्या जबड्याखाली जाड, सरळ पट्टी द्यावी आणि ती दोन्ही कोपऱ्यांवर टेकावी, एवढं साधं तेव्हा सुचलं नाही. झाकण बसवायला पुढे दोन दिवस रंधा मारत बसलो, तो भाग सोडून देऊ.

डव्हटेल (पसरट होत जाणारे दात) आणि बोटांचा सांधा (सरळ चौकोनी दात), म्हणजे एका बाजूचे दात दुसरीच्या खाचांत बसवायचे सांधे, यांत तर ‘आवळा’ हा सल्ला मुळातच चुकीच्या जागी पडतो. बोटांच्या सांध्यात खरी पकड देतात ती बोटांची एकमेकांना घासून बसणारी गालं, म्हणजे बोटांच्या कडेच्या बाजू, कारण तिथं उभे तंतू उभ्या तंतूंना चिकटतात. क्लॅम्प दाबतो तो बोटं खाचेत आत जाण्याच्या दिशेनं. गालांवर त्याचा दाब जवळजवळ येतच नाही. तो येतो तुम्ही बोटं किती नेमकी कापली त्यावरून. म्हणून क्लॅम्पचं काम बोटं तळाशी टेकेपर्यंतच. घट्ट बसणाऱ्या सांध्यात टेकल्यावर तो काढून टाकला तरी चालतो. बोटांची टोकं बाहेर किंचित वर राहिली असतील, तर क्लॅम्पखालच्या पट्टीला त्या जागी खाचा पाडा, नाहीतर दाब टोकांवरच जातो आणि सांधा अर्धवट बसतो.

मग चिकटपट्टीचा ‘पोरखेळ’. मायटरच्या पेटीला फक्त डावी-उजवीकडून लांब दांड्याचा क्लॅम्प लावला तर काय होतं ते बघा. काप ४५ अंशांत उतरता, मध्ये ओला गोंद म्हणजे वंगणच. दाब दिला की पुढची-मागची बाजू उतारावरून बाहेर सरकते. मग दुसऱ्या दिशेनं क्लॅम्प, मग पहिला थोडा सैल, मग परत घट्ट. तोवर गोंदाची साय धरायला लागते. लावल्यापासून हाताशी ५ ते १० मिनिटंच असतात.

चारही बाजूंना वेढा घालणारा ताण हा गोंधळ मुळातच होऊ देत नाही. पट्ट्याचा क्लॅम्प घ्या, रबराचे वेढे घ्या, किंवा सुतळीचे दोन फेरे घालून त्यात काडी अडकवा आणि पीळ द्या. चारही कोपरे एकाच वेळी ओढले जातात आणि उताराला सरकायला वाव राहत नाही. सुतळीचा व्रण पडू नये म्हणून कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे तुकडे द्या. त्यावरून ती सहज सरकली की ताणही सगळीकडे सारखा पोचतो.

चिकटपट्टीची रीत याच जातीची. चारही बाजू एका रांगेत पालथ्या, म्हणजे बाहेरचं अंग वर, टोकाला टोक भिडवून सरळ पट्टीला टेकवून मांडा. सांध्यांवर आडवी चिकटपट्टी ताणून चिकटवा. सगळी रांग उलटली की कापांचे तीन उघडे ‘व्ही’ दिसतात. त्यांत आणि दोन्ही टोकांच्या कापांवर गोंद लावा, रांग गुंडाळा, शेवटचा कोपरा पट्टीनं बंद करा. पट्टी बिजागरीसारखी वागते, आणि बाहेरची कड, जिथं फट डोळ्यांत भरते, तीच सगळ्यात आधी मिटते. बाजू जाड किंवा पिळलेल्या असतील तर हे पुरणार नाही, तेही खरं. तेल लावलेल्या लाकडावर पट्टी धरतच नाही.

चोवीस तासांचं थोडक्यात. तो आकडा गोंदाला पूर्ण ताकद यायचा, क्लॅम्पचा नव्हे. साध्या पांढऱ्या (पीव्हीए) गोंदाला नेहमीच्या हवेत अर्धा ते एक तास क्लॅम्पमध्ये पुरतो. पुढे दिवसभर त्या सांध्यावर जोर देऊ नये, इतकंच. कडाक्याच्या थंडीत मात्र तास मोजण्याआधी खोली ऊबदार करा, नाहीतर गोंद खडूसारखा पांढरा पडून राहतो.

कर्णांचा नियम चांगला आहे, पण अपुरा. समोरासमोरच्या दोन बाजूंपैकी एक जराशी आखूड असली तरी कर्ण सारखे येऊ शकतात. ड्रॉवर पीळ खाऊन बसला तरीही येतात. म्हणून आधी बाजू जोडीनं मापा, आणि चिकटवलेलं काम सपाट पाटावर ठेवून समोरासमोरचे कोपरे दाबून बघा. डगमगलं तर तोच ड्रॉवर उद्या अर्ध्यावर अडकणार. फरक किरकोळ समजू नका. ३०० बाय २०० मिमीच्या पेटीत कर्णांमध्ये २ मिमीचा फरक राहिला, तर ३०० मिमीच्या बाजूवर ती जवळपास १.८ मिमी तिरकी झालेली असते. गोंद ओला असतानाच क्लॅम्प थोडा लांब कर्णाच्या दिशेनं तिरका करा, पेटी जागेवर येते. ड्रॉवरला प्लायचा तळ असेल तर तो जोडणीच्या वेळीच खाचेत घाला. काटकोनाचं निम्मं काम तो करतो.

आणि ओलं फडकं. ते गोंद पुसत नाही, पातळ करून रेषांत भरतं. त्या घडीला काही दिसत नाही, पण पॉलिशचा हात फिरला की तिथं फिका डाग उमटतो, आणि तोही आतल्या कोपऱ्यात, जिथं घासायला बोट जात नाही. त्यापेक्षा गोंद लावण्याआधीच आतून सांध्यालगत चिकटपट्टी लावून ठेवा. जमलं नाही तर वीसेक मिनिटं थांबा. मणी रबरासारखे झाले की पटाशीची धार टेकवून सरकवा. साय निघावी तसा गोंद सबंध निघून येतो.