‘कुपवाडचा टर्नर डब्याच्या आत काढून देईल’ म्हणणाऱ्या काकांना

नमस्कार काका. काका म्हणतेय कारण तुम्हीच शेवटी लिहिलंय की वय ७१, चाळीस वर्षं कारखान्यात फिटर होतो आणि आता माधवनगरला नातवंडं सांभाळतो. तुमची कमेंट परवा रात्री वाचली, आधी राग आला, मग हसू आलं आणि मग झोपच येईना म्हणून उठून परत वाचली. उत्तर तिथंच खाली चार ओळीत देणार होते पण ते वाढत गेलं, म्हणून इथं स्वतंत्र टाकतेय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. मी मागच्या वेळी ब्रांकुशी या रुमानियन शिल्पकाराच्या ‘अवकाशातला पक्षी’ या शिल्पावर लिहिलं होतं. त्यावर काका म्हणतात (मी जरा आवरून सांगतेय), याला पक्षी म्हणणं म्हणजे वाचकाला येडं समजणं, ना चोच ना पंख, हे पॉलिश मारलेलं मुसळ आहे, कुपवाड एमआयडीसीतला कुठलाही टर्नर दुपारच्या डब्याच्या आत लेथवर (धातूचा तुकडा गरागरा फिरवत कापायचं मशीन) काढून देईल. वर या बाईंनी त्या माणसाला रुमानियातनं पॅरिसपर्यंत पायी चालवलाय. आणि सांगली-मिरजेत लिहिण्यासारखं काही उरलंच नाही का.

पायी चालण्याचं आधी मिटवते, कारण तिथं तुम्ही मला बरोबर पकडलंय. मी ‘पायी चालत पॅरिसला पोचला’ असं ठोकून दिलं होतं. तो १९०४ मध्ये पॅरिसला पोचला, म्युनिकहून पुढचा बराच रस्ता पायी तुडवला हे खरं, पण वाटेत आजारी पडला आणि शेवटचा टप्पा रेल्वेनं केला. गोष्ट रंगवायच्या नादात रेल्वे गाळली. मूळ लेखात दुरुस्ती केलीय.

आता मुसळ. काका, तुम्ही एकटे नाही हो. १९२६ मध्ये हाच पक्षी, म्हणजे ब्राँझमधला साधारण साडेचार फुटी, बोटीनं न्यूयॉर्कला गेला, सोबत ब्रांकुशीची आणखी शिल्पं आणि ती सांभाळायला मार्सेल द्यूशाँ हा फ्रेंच कलाकार. तिथं कायदा असा होता की कलाकृती असेल तर ड्यूटी माफ. कस्टमच्या साहेबांनी खोका उघडला, बघितलं, आणि त्याला टाकलं ‘स्वयंपाकघरातली भांडी आणि दवाखान्याचं सामान’ या खात्यात, किमतीच्या ४० टक्के ड्यूटी भरा म्हणाले. किंमत होती ६०० डॉलर, म्हणजे २४० डॉलरचा फटका. तुम्ही मुसळ म्हणालात, त्यांनीही किचनच गाठलं, फरक इतकाच की तुम्ही त्याचे पैसे मागितले नाहीत!

ज्यानं तो विकत घेतला होता तो एडवर्ड स्टायकन हा फोटोग्राफर. ब्रांकुशीच्या बाजूनं केस उभी राहिली. सरकारी बाजूला जुना निकाल होता १९१६ चा, की शिल्प म्हणजे निसर्गातल्या वस्तूची नक्कल असली पाहिजे. म्हणजे अख्खी केस एकाच गोष्टीवर, हा पक्षी दिसतो का? न्यायाधीश वेट यांनी स्टायकनला विचारलं की हे जंगलात दिसलं असतं तर तुम्ही गोळी झाडली असती का. तो म्हणाला नाही. (मला हा प्रश्न इतका आवडलाय की अधूनमधून आठवून एकटीच हसते.) निकाल लागला २६ नोव्हेंबर १९२८ ला, ब्रांकुशीच्या बाजूनं. आणि गंमत बघा, निकालात न्यायाधीशांनीही कबूल केलंय की याचा पक्ष्याशी संबंध जोडणं अवघड जातं, पण दिसायला देखणं आहे, शोभेचं आहे, आणि एका व्यावसायिक शिल्पकारानं स्वतः केलेलं अस्सल काम आहे, म्हणून कला. म्हणजे ‘पक्षी दिसत नाही’ या तुमच्या मुद्द्यावर कोर्टही तुमच्याच बाजूला होतं म्हणायचं.

पण खरा मुद्दा लेथचा. तो मला चावला, कारण तुम्ही फिटर आहात, असं कुणीही उठून म्हणणं वेगळं आणि चाळीस वर्षं कानस चालवलेल्या माणसानं म्हणणं वेगळं. आमच्या ताईचे मिस्टर, आमचे दाजी, त्यांचं कुपवाडला छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ, एक मिलिंग, एक म्हातारं ड्रिलिंग मशीन. गेल्या रविवारी (त्यांच्याकडं सुट्टी, नाहीतर मला आत कोण घेतंय) मोबाइल घेऊन गेले आणि माझ्या लेखातला फोटो दाखवला, म्हटलं दाजी हे लेथवर निघंल का. त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, “निघंल की, टेपर टर्निंग, दीड-दोन तासाचं काम, मटेरियल तुझं.” (टेपर टर्निंग म्हणजे लेथवर निमुळतं काढणं.)

म्हणजे तुम्ही जिंकलात असं समजून मी चहा प्यायला बसले. मग सहज त्याच शिल्पाचा बाजूनं काढलेला फोटो शोधून दिला. दाजींनी दोन बोटांनी स्क्रीन मोठी केली, ऑइलचे दोन ठसे उमटले, आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “ह्याला सेंटर कुठाय?” म्हणजे लेथवर जॉब, म्हणजे करायची वस्तू, ज्या मधल्या रेषेभोवती फिरतो ती रेषाच ह्याला नाही.

तर काका, चूक माझी आहे, तुमची नाही. मी लेखात एकच फोटो टाकला होता, समोरून. समोरून तो दोन्हीकडं सारखा दिसतो, कुठल्याही कारागिराला वाटणारच की लेथचा जॉब आहे. बाजूनं बघितला की कळतं, पोट एकाच अंगाला फुगलंय, पक्षी छाती काढून वर निघाल्यासारखं, पाठ मात्र जवळजवळ ताठ, खाली पाय एकदम बारीक होतो आणि परत जरासा रुंदावतो. वरचं टोक टोकदार नाहीच, तिरकं छाटलंय, तो छेद लांबट अंड्यासारखा. दाजींच्या शब्दात, “हा जॉब चकमध्ये (लेथच्या पकडीत) धरून फिरवला तर पहिल्या पासला (पहिल्याच कापाला) ह्याचं पोट उडणार.” मी म्हटलं व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर? तर म्हणाले होईल की, पाहिजे ते होईल, “पर मॉडेल दे मला. मॉडेल कोण करणार, तू?”

त्या केसमध्ये साक्षीला जेकब एपस्टाइन नावाचा मोठा शिल्पकार होता. सरकारी वकिलानं त्याला तुमचाच प्रश्न विचारला, एखाद्या मेकॅनिकनं चांगली पितळी दांडी चकाचक करून दिली तर ती पण कला का. एपस्टाइन म्हणाला, मेकॅनिक पॉलिश करू शकतो, पण त्याला ही वस्तू सुचू शकत नाही. कोर्टात हे वाक्य गाजलं, सगळीकडं छापतात. मला मात्र ते आवडत नाही. सुचत नाही म्हणजे काय? मी चार वर्षं या पक्ष्याचे फोटो बघतेय आणि मला त्याचं सेंटर हरवलंय हे कधी दिसलं नाही, दाजींना दोन मिनिटात दिसलं.

आणि ब्रांकुशी स्वतः तरी कोण होता, होबित्सा नावाच्या खेड्यातला पोरगा, जन्म १८७६ चा, क्रायोवाच्या हुन्नरशाळेत शिकलेला. या केससाठी त्यानं लेखी जबानी दिली होती त्यात तो काय सांगतो, तर ओतारीकडून कच्चं कास्टिंग आलं की त्यातली हवेची भोकं बुजवायची, दोष काढायचे, मग कानस आणि अगदी बारीक एमरी (घासायची पूड) घेऊन पॉलिश करायचं, हे सगळं मी स्वतः हातानं करतो, याला इतका वेळ लागतो की काम पुन्हा पहिल्यापासून केल्यासारखंच होतं. काका, ही भाषा तुमची आहे ना? मला तर वाचताना वर्कशॉपचा वास आला.

तेवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण दाजींना चेव आला. कोपऱ्यात पितळी रॉडचा फूटभर तुकडा पडला होता, म्हणाले बघूया तरी. लेथवर रफ काढला, मग व्हाइसला धरून पोट सोडून बाकीचं कानशीनं काढत बसले. वरचा तिरका छेद हॅक्सॉनं घेतला. मग एमरी पेपर मी घासायला घेतला, १२० नंबरचा, मग २२०, ४०० आणि शेवटी सगळ्यात बारीक ६००, बोटांची सालटी निघाली. बफिंगला (फिरत्या कापडी चाकावर पॉलिशला) लावू का म्हटलं तर दाजी ओरडले, बफला लावलीस की त्या छेदाची कड मरणार, हातानंच कर.

इथं मला एक गोष्ट कळली जी चार वर्षांच्या वाचनात कळली नव्हती. तुकडा चमकायला लागला तसा त्यात वरच्या ट्यूबलाइटची एक पांढरी रेघ दिसायला लागली, आणि ती रेघ मध्येच मोडायची, वाकडी व्हायची. दाजी म्हणाले जिथं रेघ मोडती तिथं खड्डा आहे, बोटाला लागणार नाही, पण रेघ खोटं बोलत नाही. एक खड्डा काढायला गेलं की शेजारी दुसरा. तुम्हाला हे नवीन नसणार. पण एक फूट तुकड्याला आमची ही गत, तर साडेचार फुटावर वरपासून खालपर्यंत ती रेघ कुठंही न अडखळता न्यायची म्हणजे काय, आणि त्यात कोरीव पिसं नाहीत, दागिने नाहीत, चूक लपवायला जागाच ठेवलेली नाही. आमचा पक्षी ताईनं बघितला आणि म्हणाली ही तर लवंगी मिरची.

एकदाच केला असता तर नशीब म्हटलं असतं. पण पक्ष्याचं वेड त्याला १९१० च्या आसपास लागलं, पहिला होता ‘मायास्त्रा’, रुमानियन लोककथेतला जादूचा पक्षी, त्याला व्यवस्थित चोच आहे, फुगलेली छाती आहे, पाय आहेत, तुम्हालाही पक्षी दिसेल. मग चोच गेली, पाय गेले, अंग लांबत गेलं, आणि १९२३ मध्ये संगमरवरात हा आकार आला. पुढं १९४० च्या दशकापर्यंत तो हेच करत राहिला, सात संगमरवरी, नऊ ब्राँझ. म्हणजे चोच जमत नव्हती म्हणून गाळली असं नाही, जमलेली चोच त्यानं काढून टाकली.

देव्हाऱ्यातल्या शाळिग्रामाला कुठं नाक-डोळे असतात असं एका वाचकानं तुम्हाला खाली सुनावलंय, ते मला पटत नाही. तिथं हात जोडतो ते देवाला, आकाराला नाही. तुमची शंका आकाराबद्दल होती आणि ती रास्त होती.

किमतीबद्दल काय बोलू. २००५ मध्ये एक संगमरवरी पक्षी लिलावात २ कोटी ७४ लाख डॉलरला गेला, तो आकडा मी लेखात टाकायलाच नको होता, त्यानं डोकं फिरतं आणि शिल्प बाजूला राहतं.

राहिलं सांगली-मिरज. मिरजेच्या तंबोऱ्यांवर लिहायचंय, मनात आहे, पण अर्धवट माहितीवर त्या लोकांवर लिहायची हिंमत होत नाही. आणि हा पक्षी वाटतो तितका परका पण नाही. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी एक ब्राँझ पक्षी घेतला आणि दोन संगमरवरी करवून घेतले, एक काळा एक पांढरा. त्यांच्या राणीसाहेब संयोगिताराजे कागलच्या, म्हणजे आपल्यापासून दीड तासावरच्या. इंदूरला या पक्ष्यांसाठी ध्यानाचं मंदिर बांधायचं ठरलं होतं, ब्रांकुशी त्यासाठी १९३७-३८ च्या हिवाळ्यात इंदूरला आलासुद्धा. राणीसाहेब १९३७ मध्येच वारल्या होत्या, महाराज भेटले नाहीत, मंदिर झालंच नाही. ते काळा-पांढरा पक्षी आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या सरकारी संग्रहालयात आहेत, १९७३ पासून. एका मराठी संस्थानिकाच्या घरातली वस्तू बघायला आता आपण कॅनबेराला जायचं, याची हळहळ मला लिलावाच्या आकड्यापेक्षा जास्त वाटते.

आणि तुम्ही फिटर म्हणून एक शेवटचं. इंदूरला यायच्या आधीच, १९३७ मध्ये, त्यानं रुमानियात स्वतःच्या जिल्ह्यात तुर्गु जिऊ या गावी पहिल्या महायुद्धात मेलेल्यांसाठी २९ मीटरच्या वर उंचीचा खांब उभा केला. तो कुठल्या आर्ट स्टुडिओत नाही झाला, पेत्रोशानी या कोळसा खाणीच्या गावातल्या वर्कशॉपमध्ये झाला. खांब एकसारख्या मण्यांचा, त्यातला एक मणी ब्रांकुशीनं लाकडात स्वतः कोरला, फाउंड्रीत ज्याला आपण पॅटर्न म्हणतो तो, मग बिडाचे मणी ओतले आणि मधल्या पोलादी कण्यावर एकावर एक ओवले, वरून पितळेचा मुलामा. पुढं कम्युनिस्टांच्या काळात तो ओढून पाडायचा प्रयत्नही झाला. पडला नाही. २०२४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला.

बाजूचा फोटो आता लेखात टाकलाय, बघून सांगा. आमची मिरची टेबलावर उभी आहे, पायाशी अजून दोन खड्डे आहेत, तुम्ही कधी सांगलीत उतरलात तर हात लावून बघा, कदाचित तुम्हाला ते काढता येतील. जरा लवकर या मात्र, दाजी रोज फोन करून रॉड परत मागतायत, त्यांना त्यातनं बुश काढायचाय.