नातू झाल्याच्या आनंदात सिगार कशी ओढावी

तुमच्या घरी नुकतंच काही शुभ घडलं असेल, म्हणजे नातू झाला, मुलाला व्हिसा मिळाला किंवा रिडेव्हलपमेंटची फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकली, तर पेढे वाटण्याचा गावंढळपणा कृपया करू नका. पेढा खाल्ला की संपला. शेजाऱ्याला तासाभरानंतर आठवतही नाही की तुम्हाला आनंद झालाय. सिगारचं तसं नाही. ती पेटली की वरच्या-खालच्या मजल्यांना, पडद्यांना, उशांना, दोरीवरच्या धुतलेल्या कपड्यांना, सगळ्यांना कळतं की अमक्यांकडे आनंदीआनंद आहे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कळत राहतं.

हे ज्ञान मला या मे महिन्यातल्या एका शनिवारी झालं. आमची बिल्डिंग पार्ल्यातली, सात मजली. मी सातव्यावर, डोक्यावर थेट गच्ची. पाचव्या मजल्यावरच्या काकांची सूनबाई दीड महिन्याच्या बाळाला घेऊन माहेराहून आली, त्या संध्याकाळची ही गोष्ट. त्या दोन तासांत मी जे शिकले ते तुमच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

सिगार घ्यायची तर क्यूबाचीच घ्या आणि ती जावयाकडून मागवा. काकांचा जावई दुबईला असतो. कस्टमवाले माणशी २५ सिगार ड्यूटीशिवाय आणू देतात, म्हणून त्याने बरोबर २५ आणल्या. मुलगा हिशेबी आहे.

आणल्यावर त्या फ्रिजमध्ये ठेवू नका. सुकटीशेजारी तर नाहीच. सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के दमटपणा लागतो आणि तापमान विसाच्या आसपास. त्याच्यावर गेलं तर किडे धरतात, बुरशी येते, आणि मुंबईचा जुलै म्हटल्यावर पुढचं सांगायला नकोच. त्यासाठी आतून देवदारासारखं लाकूड लावलेली खास पेटी मिळते. काकांनी घेतली आहे. झाकणाला आतून घड्याळासारखा काटा आहे, तो आतल्या हवेची आर्द्रता दाखवतो. रोज सकाळी पूजा झाली की काका तो काटा बघतात. ६८ असेल तर दिवस चांगला जातो.

टोक कापायला कटर घ्या. काकांनी आधी अडकित्ता वापरून पाहिला. ती सिगार गेली.

पेट्रोलच्या लायटरने पेटवू नका, वास लागतो. हो, सिगारला.

पाहुण्यांना थोडी माहिती द्या, त्याशिवाय चार हजारांच्या वस्तूचं चीज होत नाही. जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. रोबुस्टो आकाराची सिगार पाच इंच लांब आणि ५० जाड, म्हणजे पाऊण इंचाहून जास्त. चर्चिल सात इंच. कोहिबा ही क्यूबाची नामांकित सिगार सुरुवातीला खास तिथल्या फिडेल कॅस्ट्रोसाठी वळली जायची, १९६६ पासूनची गोष्ट. इथे थांबा. त्याच कॅस्ट्रोने १९८५ मध्ये सिगार सोडून दिली हे सांगू नका, पाहुण्यांचा विरस होतो.

आता मुख्य प्रश्न, ओढायची कुठे. जाणकार सांगतात की जागा मोकळी हवी, वारा मंद हवा, आरामखुर्ची हवी आणि हाताशी निवांत तासभर हवा. मुंबईत या चार गोष्टी एकत्र मिळतात त्या गच्चीवरच. स्वतःच्या हॉलमध्ये चुकूनही ओढू नका. सोफ्याला वास बसतो, पडदे ड्रायक्लीनला टाकावे लागतात, काकू बोलतात. काकांनी हे आधीच ताडलं होतं. त्यांच्या हॉलला तीन खिडक्या आहेत, गॅलरी आहे, पण तिथे एकसुद्धा सिगार पेटली नाही. पाचव्या मजल्यावरचा आनंद त्यांनी लिफ्टने वर आणला आणि माझ्या आईच्या खोलीवर मांडला. नऊ प्लास्टिकच्या खुर्च्या, एक टीपॉय, स्पीकर. धूर वर जातो अशी आपली शाळेपासूनची समजूत. मे महिन्यात पार्ल्यात संध्याकाळी समुद्राकडून वारा सुटतो, तो गच्चीच्या कठड्यावरून धूर उचलतो आणि खाली पहिली जी खिडकी लागेल तिच्यात सोडतो. पहिली खिडकी आमची. बंद केली तर आत भट्टी, आणि एसीने आईचे सांधे धरतात. एक झाली, दोन झाल्या, एका वेळी आठ जळत होत्या. रोबुस्टो पाऊण तास ते तास चालते. आठजणांचा तास म्हणजे किती, ते ज्याचं गणित चांगलं त्याने करावं. मी वर गेले. शांतपणे म्हटलं, काका, आईला दमा आहे, तुम्हाला माहीत आहे, जरा पलीकडच्या कोपऱ्यात बसता का? तर काका हसले.

"अगं, सिगारेट नाही ही, सिगार आहे. हिच्यात कागद नाही, केमिकल नाही. शुद्ध पान असतं. आणि आम्ही धूर आत घेत नाही, नुसता तोंडात घोळवतो."

सेक्रेटरीही तिथेच होते, हातात सिगार. ते म्हणाले, "एक दिवस ॲडजस्ट करा हो. रोज का नातू होतो?"

धूर आत घ्यायचा नाही, हा सिगारचा पहिला नियम आहे आणि काका तो काटेकोर पाळतात. रसिक माणूस मिनिटाला एक झुरका घेतो, जिभेवर घोळवतो, म्हणतो की आधी कॉफी लागली, मग चामडं लागलं, मग सोडून देतो. मधल्या मिनिटभर ती हातात आपली जळत असते, तो धूर तर कोणी घोळवतही नाही. चव त्यांची झाली. फुप्फुसं लागतात ती सातव्या मजल्यावरून पुरवली जातात. काकांनी चार हजार मोजून जो धूर पोटात घेतला नाही, तो माझ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईने फुकट घेतला.

राख झटकू नका. चांगल्या सिगारची राख इंचभर तशीच टिकते, ती एकमेकांना दाखवायची असते. काकांनी दाखवली. त्याच वेळी वारा आला आणि टाकीशेजारी सुती साडीवर वाळत घातलेल्या आमच्या कुरडयांवर ती पडली. आईने तीन दिवस गहू भिजवून, वाटून, गाळून चीक काढला होता; सोऱ्या मी फिरवला, माझा खांदा अजून दुखतोय. पांढऱ्याशुभ्र कुरडईवर सिगारची राख कशी दिसते? करडी, हलकी, अगदी गुंडाळीच्या आत शिरून बसलेली. फुंकली तर आणखी खोल जाते. "राखच आहे, भस्म," असं एक पाहुणे म्हणाले.

वॉचमनने मात्र बिडी ओढू नये. हे माझं मत नाही, काकांचं आहे. गेल्या वार्षिक सभेत त्यांनी तो ठराव मांडला होता: गेटवर बिडीचा वास येतो, येणाऱ्या-जाणाऱ्यांवर वाईट छाप पडते, लहान मुलं बघतात. ठराव एकमताने पास. तेव्हापासून तो बिचारा रात्री दोनला रस्ता ओलांडून समोरच्या बंद टपरीच्या आडोशाला जातो आणि तिथून गेटवर नजर ठेवतो. सोलापूरकडे बायका घरी बसून तेंदूच्या पानात वळतात ती बिडी. तिच्यात चिमूटभर तंबाखू. मोठ्या सिगारमध्ये कधीकधी सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी असते. म्हणजे चिमूटभर ओढली तर व्यसन आणि पाकीटभर ओढली तर रसिकता. माझे आजोबा निपाणीची तंबाखू खायचे, चंची आणि चुन्याची डबी कमरेला. आजी रोज शिव्या घालायची, आणि योग्यच करायची, पण निदान त्यांची तंबाखू त्यांच्याच गालात राहायची. आजोबांना कोणी रसिक म्हटलं नाही. पाच इंची असती आणि वर सोनेरी पट्टी असती तर म्हटलं असतं.

कायद्याची भीती बाळगू नका. कायदा २००३ चा, सार्वजनिक जागी धूम्रपानबंदीचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून, दंड २०० रुपयांपर्यंत. चार हजारांवर २०० म्हणजे पाच टक्के, हॉटेलात याहून जास्त सर्व्हिस चार्ज लावतात. सोसायटीची गच्ची सार्वजनिक की खाजगी, यावर आमच्या ग्रुपवर दोन रात्री खल झाला आणि मग कोणीतरी 'शुभ सकाळ' टाकलं.

फोटो काढायला विसरू नका. हे लिहिताना माझा हात थांबतोय, पण लिहिते. साडेसातला सूनबाईला वर बोलावलं. ती बाळाला दुपट्यात गुंडाळून आली, जिन्याच्या दारातच उभी राहिली, पुढे येईना. "ये गं, एकच फोटो." बाळ आजोबांच्या मांडीवर दिलं. एका हाताने बाळाचं डोकं, दुसऱ्या हातात सिगार, चेहऱ्यावर हसू. सगळ्यांचे मोबाईल वर. बाळ शिंकलं. मग परत शिंकलं. सगळे हसले, म्हणाले आजोबांसारखाच शौकीन होणार. ती पोरगी काही बोलली नाही. दीड महिन्याच्या बाळाच्या आईने नव्या घरात काय बोलायचं असतं? ती दुपट्याचं टोक ओढून त्याच्या नाकापर्यंत आणत होती, आणि कोणीतरी म्हणत होतं, तोंड दिसत नाही, बाजूला कर.

सिगार चुरडून विझवायची नसते, तो तिचा अपमान असतो. कडेला ठेवायची, आपोआप विझते. तशी आठ थोटकं कागदी डिशमध्ये कठड्यावर ठेवून मंडळी साडेनऊला जेवायला खाली गेली. आपोआप विझायला त्यांनी भरपूर वेळ घेतला. खालच्या खोलीत मी आईच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून बसले होते. ९३. मग ९१. नेब्युलायझरचं मशीन घरघरत होतं, आई मास्कमधून मला हाताने सांगत होती की भांडू नकोस, शेजार आहे. काकांच्या पेटीतला काटा तेव्हा ६८ असणार.

काका, पुरे झाले हे सल्ले. तुम्ही आमचे तीस वर्षांचे शेजारी. माझ्या लग्नात तुम्ही पंगतीत आग्रह करत फिरला होतात. म्हणून तोंडावर सांगते, शुद्ध पान वगैरे काही नसतं. धूर आत घेतला नाही तरी निकोटीन तोंडातून अंगात जातं, आणि तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कॅन्सर सिगारनेही होतो. पटत नसेल तर परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेरच्या फूटपाथवर एक चक्कर मारून या. तुमचं तोंड, तुमचा घसा, तुमचे चार हजार, त्यात मी पडत नाही. पण लाज वाटायला हवी होती तुम्हाला. दीड महिन्याच्या पोराच्या तोंडाशी धूर? आणि त्याचा फोटो स्टेटसला? आमच्या आईला तुम्ही 'वहिनी' म्हणता, तिचा श्वास अडकला तेव्हा वर तुमची गाणी चालू होती. सेक्रेटरींनी तर बोलूच नये, त्यांनीच वॉचमनचा पगार कापला होता. ॲडजस्ट म्हणे! आम्ही ॲडजस्ट करायचं, वॉचमनने करायचं, सुनेने करायचं, बाळानेही करायचं, आणि तुम्ही फक्त घोळवायचं?

पंचवीसमधली एक अडकित्त्याने गेली, आठ ओढल्या. अजून सोळा आहेत तुमच्या पेटीत, मी मोजल्यात. स्वतःच्या हॉलमध्ये बसा, दारं-खिडक्या लावा, आणि एकेक करून सोळाच्या सोळा ओढा. वर आणायची नाही एकही.

आणि कुरडयांचे पैसे दाराशी ठेवून गेलात ते परत पाठवलेत. पैसे नकोत. पाऊस यायच्या आत गहू पुन्हा भिजवते. चीक तयार झाला की निरोप देईन, सकाळी सातला वर या. सोऱ्या तुम्ही फिरवायचा. आई खुर्चीवर बसून सांगेल.