पथकं बंद पडली, पण ‘पोरांना शिस्त नको’ म्हणून नव्हे

अमेरिकेतल्या ड्रम अँड ब्युगल कोअरबद्दल, म्हणजे फक्त ढोल-ताशे आणि पितळी वाद्यं वाजवत संचलन करणाऱ्या तरुणांच्या पथकांबद्दल, एक मजकूर सारखा फिरतो: ‘ही पथकं लष्करानं काढली, शाळांच्या बँडांनी गिळली, आणि नव्या पोरांना शिस्त नको झाली म्हणून ती संपली.’

पहिलं, लष्कर. गणवेश आणि संचलन बघून तसं वाटतं खरं. पण पथकं काढली ती गावातल्या, वस्तीतल्या लोकांनी. 1919 मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या शाखा त्यात पुढे होत्या. चर्च आणि स्काउटही होते: न्यू जर्सीतल्या गारफिल्डमध्ये 1934 साली होली नेम चर्चचं पथक निघालं, तर शिकागोची कॅव्हलियर्स 1948 साली एका स्काउट ट्रूपमधून.

शाळेच्या बँडचा मुद्दा फुसका आहे. कोअर ही वेगळीच गोष्ट: शाळेच्या बँडसारखी तिच्यात क्लॅरिनेट नाही, सॅक्सोफोन नाही, आणि पोरं वेगवेगळ्या शाळांतली.

राहिली शिस्त. आजही कोअरची मुलं उन्हाळाभर शाळांच्या व्यायामशाळेत जमिनीवर झोपतात आणि दिवसभर उन्हात सराव करतात. हे बेशिस्तीचं लक्षण असेल, तर बोलणंच खुंटलं.

खरं कारण पैशाचं आहे. माजी सैनिकांच्या संघटनांचे स्पर्धेचे नियम जाचक वाटू लागल्यावर पथकांनी 1971 मध्ये ड्रम कोअर इंटरनॅशनल ही स्वतःची संस्था काढली. पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. जिंकली ती अनाहाइम किंग्जमेन या पथकानं. बंड रास्तच होतं, पण त्यानंतर देशभरचे दौरे वाढले: बस, स्वयंपाकाचा ट्रक, पगारी प्रशिक्षक. वाद्यांचे नियमही बदलत गेले. 1977 मध्ये ब्युगलला दोन उभे व्हॉल्व्ह (सूर बदलायच्या कळा) बसवायची मुभा मिळाली, 1990 मध्ये तिसरा आला, 2000 पासून तर कुठल्याही पट्टीतली पितळी वाद्यं चालू लागली. वरच्या पथकांशी टक्कर द्यायची तर जुनी वाद्यं काढून नवी घेणं आलंच. लॉटरीची तिकिटं विकून चालणाऱ्या पथकाला हे कुठून झेपणार? त्यातच पाठीशी असलेल्या शाखांचे सभासद म्हातारे होत गेले.

मोठी पथकं मात्र फुगली. सदस्यांची मर्यादा एकेकाळी 128 होती, ती 2011 मध्ये 150 झाली. आता त्यांत निवड चाचणी देऊन शिरावं लागतं, आणि एका मोसमाचे हजारो डॉलर पोरांनाच भरावे लागतात.