नत्राची खबर मुळांकडून पानांकडे कशी जाते : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

मागच्या लेखावर तुम्ही इतकं मनापासून आणि परखड लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : "मुळं पानांना निरोप पाठवतात" ही गोष्टीतली भाषा झाली. नत्र हा कच्चा माल आहे. मिळाला तर झाड वाढतं, नाही मिळाला तर पिवळं पडतं, त्यात संप्रेरकं कशाला आणायची? शिवाय हे प्रयोग परदेशातल्या एका तणावर झालेले, मुरबाड-शहापूरच्या भाताला त्याचा काय उपयोग? आणि शेवटी, ऐरोलीच्या गच्चीवरच्या तुमच्या मिरचीला युरिया किती घालायचा, हेही विचारलंत.

नत्र नुसता कच्चा माल असेल, तर ज्या झाडाला नायट्रेट (मातीतल्या नत्राचं एक रूप) पचवताच येत नाही त्याच्या मुळांवर नायट्रेटचा काही परिणाम व्हायला नको. हे तपासून झालंय. नायट्रेट पेशीत आलं की त्यावर पहिलं काम करतं ते नायट्रेट रिडक्टेज हे विकर (एन्झाइम). १९९९ साली इंग्लंडमधल्या ब्रायन फोर्ड यांच्या गटाने हे विकर जवळजवळ नसलेली अरॅबिडॉप्सिसची (तुम्ही म्हणता त्याच तणाची) रोपं घेतली आणि मुळाच्या एका भागालाच नायट्रेट जास्त दिलं. तरीही नेमक्या त्याच भागातली उपमुळं जोमाने वाढली. त्या नायट्रेटचं अन्न होतच नव्हतं, मग मुळांनी ओळखलं काय? नायट्रेट तिथे आहे, एवढंच. त्याआधी १९७५ मध्ये माल्कम ड्रू यांनी बार्लीच्या मुळाचा एकच टप्पा खतात ठेवला होता. नायट्रेट, अमोनियम, फॉस्फेट दिलं की त्या टप्प्यात उपमुळांची दाटी झाली. पोटॅशियम दिलं तेव्हा झाली नाही. पोटॅशियमही झाडाला भरपूर लागतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. प्रश्न नुसत्या कच्च्या मालाचा असता, तर त्यानेही दाटी व्हायला हवी होती.

आता ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक इथे काय करतं ते पाहा. मुळाच्या पेशींवर एनआरटी १.१ नावाचं प्रथिन असतं. ते नायट्रेट आत घेतं, आणि बाहेर नायट्रेट कमी असेल तर कोवळ्या उपमुळाच्या टोकातून ऑक्झिन काढून नेतं. ऑक्झिन साचत नाही, उपमूळ खुंटतं. नायट्रेट आलं की हा उपसा थांबतो, टोकाशी ऑक्झिन साचतं आणि उपमूळ पुढे सरकतं. फुकट जागी मुळं वाढवण्यात झाड साखर घालवत नाही. मला हे फार सुंदर वाटतं.

राहिला "निरोप". २०१४ साली जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की नत्र न मिळालेली मुळं सीईपी नावाची छोटी पेप्टाइड संप्रेरकं तयार करतात. ती जलवाहिन्यांतून वर पानांत जातात, तिथले ग्राही (निरोप पकडणारी प्रथिनं) ती ओळखतात. मग पानांतून दुसरी छोटी प्रथिनं अन्नवाहिन्यांतून खाली येतात, आणि जिथे नायट्रेट आहे तिथली मुळं ते जास्त ओढू लागतात. उपाशी मुळांची तूट दुसऱ्या बाजूची मुळं भरून काढतात! ग्राही बिघडवले की हे सगळं बंद पडतं. पाठवणारा आहे, घेणारा आहे, उलट उत्तरही आहे. म्हणून "निरोप" हा शब्द मी ठेवणार.

भाताबद्दल. नत्र मिळालं की भातात सायटोकायनिन हे संप्रेरक वाढतं, पेऱ्याजवळचे डोळे जागे होतात आणि फुटवे येतात. उपासमार झाली की मुळांत स्ट्रायगोलॅक्टोन हे दुसरं संप्रेरक वाढतं आणि ते फुटव्यांना आवर घालतं. स्ट्रायगोलॅक्टोनचं हे काम २००८ मध्ये जपानी गटाने उघड केलं ते भातावरच, तणावर नव्हे. लावणीनंतर फुटव्याच्या वेळी आपले शेतकरी युरियाचा हप्ता देतात, त्याचा परिणाम याच वाटेने होतो. भातलावणीच्या चारसूत्री पद्धतीत चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) मध्ये युरिया-डीएपीची गोळी खोल खोचतात. तिथला नत्राचा साठा एका जागी असतो, आणि अशा जागा शोधून तिथे दाटी करणं हे मुळांना उपजत येतं.

दुकानात मिळणाऱ्या "वाढीच्या टॉनिक"बद्दलही तुम्ही विचारलंत. मी ती वापरत नाही. १९५७ मध्ये स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूच्या ऊतींवर दाखवलं होतं, की ऑक्झिन आणि सायटोकायनिनच्या प्रमाणावर मूळ फुटणार की कोंब, हे ठरतं. ते प्रमाण झाड तासातासाला सांभाळत असतं. वरून फवारून आपण ते सुधारू, याची मला खात्री नाही.

मिरचीला युरिया एकदम घालू नका. सगळ्या कुंडीत नत्र फार झालं तर तेच नायट्रेट उपमुळांची वाढ दाबतं, हेही फोर्ड यांच्या गटानेच पाहिलं होतं. वर पालाच पाला आणि फुलं उशिरा, असं झाड होतं. चिमूटभर युरिया बादलीभर पाण्यात विरघळवून पंधरा दिवसांनी एकदा द्या, फुलं दिसायला लागली की तोही कमी करा. पावसाळ्यात कुंडीतून नायट्रेट वाहून जातं. तेव्हा युरियापेक्षा चांगलं कुजलेलं शेणखत बरं.