निर्णय यंत्राचा, मग जाब कोणाला?

"काय बे, रोबोट आले की आपल्या मागांचं काय?" सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या टपऱ्यांवर ही चर्चा हल्ली सारखी चालते. नोकऱ्यांची भीती खरीच आहे, पण मला त्याआधीचा एक प्रश्न छळतो. निर्णय कोण घेणार?

आपल्याकडच्या ऑटो लूमवर (आपोआप चालणाऱ्या मागावर) ताण्यातला, म्हणजे उभा, धागा तुटला की त्यावर लटकलेली पातळ पत्र्याची पट्टी खाली पडते, सर्किट जुळतं आणि माग थांबतो. धागा तुटला की थांबणारा, चालता चालताच धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारा भाग) बदलणारा माग जपानच्या टोयोडांनी 1924 मध्येच बनवला होता. (टोयोटा गाड्या त्याच घराण्यातल्या!) पण हा माग काही ठरवत नाही. कधी थांबायचं ते माणसाने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. स्वायत्त यंत्र समोर काय आहे ते बघतं आणि पुढचं पाऊल स्वतः निवडतं.

ही मोकळीकही सरसकट नसते. 23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 चं विक्रम लँडर चंद्रावर उतरताना शेवटच्या टप्प्यात सगळं यानावरच सोपवलेलं होतं, बेंगळुरूत शास्त्रज्ञ श्वास रोखून बघत होते. चारच दिवसांनी त्यातून उतरलेल्या प्रज्ञान या फिरत्या गाडीसमोर 3 मीटरवर 4 मीटर रुंदीचा खड्डा आला, तेव्हा मागे फिरण्याचा हुकूम मात्र इथून गेला.

आता दुसरी बाजू. 18 मार्च 2018, अमेरिकेतलं टेंपी शहर. उबरच्या चाचणीतल्या स्वयंचलित गाडीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं. गाडीला ती काही सेकंद आधीच दिसली होती. पण ही गाडी आहे, सायकल आहे की आणखी काही, यातच सिस्टीम घोळत राहिली. ऐनवेळी आपोआप ब्रेक मारण्याची सोय कंपनीनेच बंद ठेवलेली. देखरेखीला बसवलेली बाई मोबाईलमध्ये. खटला तिच्यावर चालला, 2023 मध्ये तिने गुन्हा कबूल केला. कंपनीवर फौजदारी गुन्हा नाही.

तिची चूक होतीच. पण तासन्‌तास काहीच करायचं नाही, फक्त बघत बसायचं, आणि हजारात एकदा क्षणात सावध व्हायचं, हे कोणाला जमतं? रात्रपाळीवाल्यांना विचारा.

उद्या आपल्या शेडमध्ये कॅमेरा कापड तपासेल, यंत्र वेग ठरवेल, आणि माल खराब निघाला की पैसे कापले जातील ऑपरेटरचे. म्हणून यंत्र घेतानाच लेखी ठरवा: कोणता निर्णय यंत्राचा, थांबवायचा अधिकार कोणाचा, नुकसान कोणाच्या माथी. यंत्रातली नोंद कामगारालाही बघता आली पाहिजे. मालक मंडळी, यावर तुमचं काय म्हणणं?